अकरा नंबरची कोरी जागा

एक कागद डोळ्यांसमोर आणा. पांढरा, भिंतीएवढा मोठा. त्यावर एक गल्ली काढली आहे असं समजा. दोन्ही बाजूंना बारा-बारा बैठी घरं, खांद्याला खांदा लावून उभी. प्रत्येक घराचा एक चौकोन आणि चौकोनात त्याचा नंबर, एका बाजूला विषम, समोर सम. आता ज्या घरात कुणाला ताप येऊन गेला, त्या चौकोनावर लाल टिकली लावा. आई कपाळाला लावते तीच, पाकिटातली. ज्या घरात साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या, त्यावर हिरवी टिकली लावा. लावल्यात? मग चार पावलं मागे या आणि बघा.

कुणीतरी मधोमध ताटली ठेवून भोवती कुंकू शिंपडावं आणि मग अलगद ताटली उचलून घ्यावी, तसं दिसतंय की नाही? नऊवर लाल, तेरावर लाल, समोरच्या दहा, बारा आणि चौदावर लाल. मध्ये एकच घर कोरं. ना लाल, ना हिरवं.

ते घर अकरा नंबरचं. तिथे राजलक्ष्मी राहायची, आणि त्या गल्लीच्या टिकल्या लावायचं कामही तिच्याकडेच होतं.

ही गोष्ट नवी मुंबईतल्या नेरूळची, सारसोळे गावाच्या बाजूच्या एका गल्लीतली. राजलक्ष्मी सातवीत होती. आई-बाबा दोघंही उजाडताच कामाला जायचे. बाबा वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात पाठीवर गोणी वाहायचे. दिवसभर घरी असायचे ते तिचे आजोबा, हौसेराव. तेही आयुष्यभर त्याच बाजारात हमाली करून आता घरी बसले होते. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची.

गणपती गेले आणि गल्लीत ताप सुरू झाला. डेंग्यूचा. त्याच सुमाराला शाळेत डॉक्टर सुनयना आल्या. त्यांच्या हातात सुई नव्हती, गळ्यात नळी नव्हती. "मी एकेकाला औषध देणारी डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "रोग कुठून निघाला आणि कुठे चाललाय, त्याचा माग काढणारी आहे. पोलीस चोराचा काढतात तसा." मग त्यांनी काचेच्या नळीत एक मेलेला डास दाखवला. काळा, पायांवर पांढरे पट्टे. हा दिवसा चावतो, फार लांब उडत नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. "म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून घासलं, की त्याचा संसार मोडला. नुसतं ओतून भागत नाही बरं का. अंडी भांड्याच्या अंगाला चिकटून बसतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने वाट बघतात."

त्यांनी वर्गातल्या आठ मुलांना निवडलं. प्रत्येकाला आपापली गल्ली, एक वही, एक टॉर्च आणि एक पांढरी वाटी. पांढऱ्यावर अळी चटकन दिसते म्हणून. राजलक्ष्मीचं अक्षर बघून डॉक्टर म्हणाल्या, "हे अक्षर कुणी खोटं ठरवू शकणार नाही." ते वाक्य ती घरी जाईपर्यंत तोंडात खडीसाखर धरावी तसं धरून होती.

रविवारी पाहणी झाली. सार्वजनिक नळाशेजारचं दोन नंबरचं घर सुमित्राबाईंचं. मूळच्या सारसोळ्याच्या, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. त्यांच्या खिडकीत बाटलीत मनीप्लांट होता. राजलक्ष्मीनं बाटलीतलं पाणी वाटीत ओतलं, तशी सुमित्राबाई म्हणाल्या, "काय गो, माझे बाटलीन काय शोधतंस? सोना हाय का?"

वाटीत चार अळ्या वळवळत होत्या.

वहीत लिहून, बाटली धुवायला सांगून पुढे जाता आलं असतं. डॉक्टरांनी तसंच शिकवलं होतं. पण नळावर बायकांची रांग होती, आणि राजलक्ष्मीला आपण कुणीतरी मोठं झाल्यासारखं वाटत होतं. तिनं वाटी वर धरली. "बघा बघा, सुमित्राबाईंनी डासांची बालवाडी काढलीय. प्रवेश चालू आहेत."

बायका हसल्या. कुणी म्हणालं, "बाई हेडमास्तरीण झाल्या." सुमित्राबाई एरवी एकाला दहा ऐकवायच्या. त्या दिवशी मात्र नाही. त्यांनी बाटली घेतली आणि आत जाऊन दार लोटलं.

असं करत ती अकरा नंबरला, म्हणजे घरी पोचली. मागच्या ओट्यावर आबांचं निळं पिंप होतं. त्यावर कांद्याच्या गोणीचं फाटकं बारदान. नळाला रोज दोनदा पाणी यायचं, तरी ते पिंप कायम गळ्यापर्यंत भरलेलं. वरचं वापरायचं, वरून भरायचं. तळ कुणी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता.

"आबा, पिंपात बघायचंय."

"बघ की. पानीच हाय, आनि काय असनार?"

तिनं बारदान सारलं आणि टॉर्च मारला. पाणी काळं दिसलं आणि मग ते काळं हललं. शेकडो. तिची सावली पडताच सगळ्या एकदम खाली बुडाल्या, आणि सावली बाजूला होताच एकेक करत वर आल्या.

"आबा, यात अळ्या झाल्यात."

"मग? पान्यात जीव हाय म्हंजे पानी चांगलं. आमच्या हिरीतबी असायच्या."

"हे ओतून द्यावं लागेल. डॉक्टर म्हणाल्यात."

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पिंपाच्या कडेवर हात ठेवून म्हणाले, "साताऱ्याकडं, मान तालुक्यात तुझी पंजी, माझी आय, तीन मैलावरनं घागर आनायची. एकदा ठेच लागून घागर फुटली. रडली न्हाई ती. पालथी पडून मातीतलं पानी तोंडानं वढलं तिनं. मी शेजारी हुबा हुतो, तुझ्याएवढा. आनि तू म्हनतीस, भरलेलं वत."

राजलक्ष्मीनं बारदान पुन्हा पिंपावर ओढलं. मग हळूच म्हणाली, "आणि गणपतीच्या आधी तुम्हाला ताप आलेला. तोही लिहायचाय."

"त्यो ताप न्हवं. अंग मोडून आलतं. दोन गोळ्यांत गेलं. हमालाला कसला आलाय ताप."

ती वही घेऊन उंबऱ्यावर बसली. खरं सांगायचं तर आबांचा शब्द मोडवत नव्हता एवढंच कारण नव्हतं. तिच्या कानात नळावरचं हसू होतं. तिनंच हसवलं होतं त्यांना. आता अकरा नंबरवर हिरवी टिकली लागली की त्याच बायका त्याच जागी उभ्या राहून कुणाला हसतील, ते तिला ठाऊक होतं. तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं : अकरा. ताप नाही. अळ्या नाहीत.

मग आठ दिवस गेले. दहा नंबरच्या शौनकला ताप भरला. हा सहा वर्षांचा पोरगा रोज दुपारी राजलक्ष्मीकडे पाढे शिकायला यायचा. मागच्या ओट्यावर, पिंपाच्या सावलीत बसून "बे पंचे दहा" म्हणत तो पायाला खाजवत असायचा. तिसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याची आई नळावर म्हणाली, "रात्रभर पाणी पाणी करतो, आणि घोटभर पोटात ठरत नाही." राजलक्ष्मीनं हंडा तसाच ठेवला आणि घरी येऊन बोटांवर दिवस मोजले. चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिनं वहीत खोटं लिहिलं, त्याला शौनक तापला त्या दिवशी बरोबर आठ दिवस झाले होते. तिनं पुन्हा मोजले. आठच आले.

त्या शुक्रवारी समाजमंदिरात नकाशा लावला. सगळ्या टिकल्या लागल्यावर डॉक्टर सुनयना बराच वेळ बघत राहिल्या. "आजार इथे एकवटलाय," त्या गल्लीच्या मधोमध बोट फिरवत म्हणाल्या. "पण मध्ये तर काहीच सापडलेलं नाही. मग उगम बहुतेक भिंतीपलीकडे असेल. उद्या सकाळी जाऊन बघते."

गल्लीच्या मागच्या भिंतीपलीकडे इमारतीचं बांधकाम चाललं होतं, आणि पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहत होते. दारात उभ्या असलेल्या मोठ्या माणसांनी डॉक्टरांचं वाक्य ऐकलं. त्यातला "बहुतेक" गल्लीत पोचेपर्यंत गळून पडला आणि "उद्या बघते" वाटेतच राहिलं. तास-दीड तासात पाच-सहा माणसं भिंतीपलीकडे गेली. "आमची पोरं आजारी पाडता काय," असं म्हणत त्यांनी मजुरांची पिंपं लाथेनं आडवी केली. सात पिंपं. सगळं पाणी खडीत मुरून गेलं.

राजलक्ष्मी भिंतीच्या भगदाडातून बघत होती. एका खोलीसमोर एक बाई उभी होती. भागीरथी तिचं नाव, जतकडची. तिच्या हातात पातेल्यात कोरडे तांदूळ होते. धुवायला म्हणून ती बाहेर आली होती. ती भांडली नाही. पातेल्याकडे बघायची, मग आडव्या पिंपाकडे बघायची, मग पुन्हा पातेल्याकडे. टँकर दुसऱ्या दिवशी सकाळीच यायचा होता.

मागे कुणीतरी खाकरलं. आबा होते. तेही भगदाडातून बघत होते. "पानी वतलं," ते पुटपुटले. "कुनाच्यानं वतवलं आसंल गं?"

तिला उत्तर माहीत होतं. ते तिच्या वहीत, सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं.

सोमवारी दुपारी मुलं पुन्हा समाजमंदिरात जमली. डॉक्टर सुनयना खुर्चीवर बसल्या नाहीत. नकाशाजवळ उभं राहून त्या म्हणाल्या, "मी शनिवारी मजुरांच्या वस्तीत जाऊन आले. पिंपं तपासली. आतून खरवडूनही बघितली. एकाही पिंपात अळीचा माग नव्हता. का, ते सांगेल कुणी?"

नंदकुमार नावाच्या मुलानं हात वर केला. "ते लोक घासत असतील."

"त्यांना घासावी लागतच नाहीत. सकाळी टँकर येतो, दुसऱ्या सकाळपर्यंत पाणी संपतं. रोज भरतात, रोज तळ दिसतो. अळीला आठवडा लागतो. इतकं साधं गणित. ते मी करायला हवं होतं. ते न करता मी चारचौघांत अंदाज बोलून बसले, आणि माणसांचं प्यायचं पाणी मातीत गेलं." त्यांनी हातातली वही मिटली. "मी त्या लोकांची माफी मागितली. तुमच्यासमोरही सांगते. चूक माझी आहे."

राजलक्ष्मी सतरंजीची दशी ओढत बसली होती. ती बोटाला गुंडाळून गुंडाळून बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. आपल्या मुठीतला चिखल दुसऱ्या कुणीतरी, तेही आपल्या लाडक्या माणसानं, स्वतःच्या तोंडाला फासून घ्यावा आणि आपण बघत बसावं, असं काहीतरी तिला वाटत होतं. तिची मान वर होईना.

"पण नकाशा मला काहीतरी सांगतोय," डॉक्टर म्हणाल्या. "भोवती इतका ताप, आणि मध्ये एक घर कोरं. असं होऊ शकतं. पण फार क्वचित."

त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही. अकरा नंबर कुणाचा, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. पंखा गरगरत होता. नंदकुमारनं राजलक्ष्मीकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली.

ती उठली. टेबलावर टिकल्यांची पाकिटं होती. पहिली टिकली काढताना नखातून निसटून खाली पडली, दुसरी निघाली. तिनं ती हिरवी टिकली अकरा नंबरच्या चौकोनावर दाबून बसवली. मग लाल काढली आणि तिच्या शेजारी लावली.

"आबांना गणपतीच्या आधी ताप होता," ती नकाशाकडेच तोंड करून म्हणाली. "सगळ्यांच्या आधी. पिंपात अळ्या आहेत. मी बघितल्या होत्या. बघून नाही लिहिलं."

डॉक्टर जवळ आल्या. "का नाही लिहिलंस?"

"सगळे हसले असते."

"हं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही, आणि ओरडल्याही नाहीत.

"शौनक माझ्यामुळे आजारी पडला का?"

"ते मी नाही सांगू शकत. कोणता डास कुठून उडाला हे कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित हो, कदाचित नाही. त्याचा ताप उतरलाय, एवढं मात्र आज कळलंय." त्यांनी खाली पडलेली टिकली उचलली. "मला माहीत नाही म्हणायला किंवा आमच्याच घरी सापडलं म्हणायला लाज वाटते ना, ती वाटू द्यायची. लाजेपायी खोटं लिहिलं की मग बाकी सगळ्यांचं खरंही फुकट जातं. तुझ्या एका ओळीनं या चोवीस घरांचा नकाशा खोटा झाला, राजलक्ष्मी."

घरी आल्यावर तिनं आबांना सगळं सांगितलं. काहीच गाळलं नाही. आबा ऐकत गेले आणि मध्येच त्यांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजे त्या बाईचं पानी," ते म्हणाले, "आपल्या पिंपापायी गेलं."

"माझ्यापायी गेलं, आबा."

"दोघांच्या." त्यांनी पिंपाकडे बघितलं. "जीव हाय, जीव हाय म्हनून पाळलं. कुनाचा जीव, ते न्हाई बघितलं." मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले. "वतायचं न्हाई. पर ठेवायचंबी न्हाई. नारळाच्या बुडाला घालू, कोरड्या मातीत. आनि मग काथ्यानं घासू आतनं. तू आधी त्या बाईकडं जाऊन ये."

राजलक्ष्मीनं घरातला सकाळचा भरलेला हंडा कमरेवर घेतला आणि भगदाडातून पलीकडे गेली. भागीरथी विटांच्या चुलीपुढे भाकरी थापत होती. हंडा बघून तिनं हात थांबवला.

"मावशी, पाणी आणलंय."

"आज पानी हाय, बाय. टँकर आलाय की. त्या दिशी न्हवतं."

राजलक्ष्मीच्या कमरेवरचा हंडा एकदम जड झाला. तिनं तो खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पिंप, वही, टिकल्या. भागीरथीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. भाकरी फुगली तशी तिनं ती उतरवली.

"मला सांगून काय हुतंय?" ती शेवटी म्हणाली. "मला तर ठावंच हुतं, आमच्या पिंपात काय न्हवतं त्ये. ज्यांना ठावं न्हाई त्यास्नी सांग. आजूनबी तुमच्या गल्लीतल्या बाया आमच्याकडं बघून पदर नाकाला लावत्यात. आनि हंडा घिऊन जा तुझा."

राजलक्ष्मी हंडा घेऊन परत आली, तेव्हा साडेपाच वाजायला आले होते. आबा पिंपातलं पाणी बादलीनं नारळाच्या बुडात घालत होते. पाणी मातीत जिरताना ते मान दुसरीकडे वळवत होते. पिंप अर्ध्यावर आलं होतं. तिनं दप्तरातून पांढरी वाटी काढली, पिंपात वाकून एकदा बुडवली आणि वर काढली. वाटीत पंधरा-वीस अळ्या होत्या. सावली पडताच त्या तळाला गेल्या.

"कुठं निघालीस ती घिऊन?" आबांनी विचारलं.

"नळावर."

आबांनी बादली खाली ठेवली. टोपी डोक्यावर नीट बसवून ते तिच्या मागोमाग चालू लागले.

नळाला नुकतंच पाणी आलं होतं. रांग लागली होती, हंडे वाजत होते. शौनकची आई होती. पिंपं आडवी करायला गेलेल्या माणसांपैकी एकाची बायकोही होती. सगळ्यांच्या पुढे सुमित्राबाई होत्या. राजलक्ष्मीच्या हातातली वाटी बघून त्यांनी आपली बादली जवळ ओढली. "आता कोनाचे घराची बालवाडी काढलीस, गो?"

त्या दिवशी ती जिथे उभी राहिली होती, राजलक्ष्मी तिथेच जाऊन उभी राहिली. तिचे कान तापले होते. पाय घराकडे वळायला बघत होते. तिनं दोन्ही हातांनी वाटी वर धरली, रांगेतल्या शेवटच्या बाईलाही दिसेल इतकी वर, आणि म्हणाली,

"ही आमच्या घरातली."